एका नावाची अनेक वळणे

मार्च २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय अपील न्यायालयाने वकिलांसाठी एक छोटीशी सूचना काढली. लेखी युक्तिवाद सादर करताना सेंचुरी किंवा टाइम्स न्यू रोमनसारखा टाइप वापरावा, गॅरामॉन्ड शक्यतो टाळावा; कारण तो इतरांपेक्षा लहान दिसतो आणि वाचायला त्रास होतो. कायद्याच्या जगात यावर बरीच चर्चा रंगली. युक्तिवादाची मर्यादा तिथे शब्दांत मोजली जाते, त्यामुळे बारीक टाइप वापरून कोणी जागा लाटत होते असेही नाही. वकिलांना गॅरामॉन्ड आवडत होता तो त्याच्या रूपामुळे. पान कार्यालयीन कागदासारखे न दिसता छापील पुस्तकासारखे दिसे. न्यायाधीशांची तक्रार सरळ डोळ्यांची होती.

इकडे पॅरिसमध्ये ‘बिब्लिओतेक द ला प्लेयाद’ ही फ्रेंच अभिजात साहित्याची प्रतिष्ठित ग्रंथमाला १९३१पासून गॅरामॉन्डमध्येच छापली जाते, आणि तीही पातळ कागदावर, अवघ्या नऊ पॉइंटात. तिच्या वाचकांची तक्रार नाही. एकच नाव एका ठिकाणी मानाचे आणि दुसऱ्या ठिकाणी नकोसे का होते, याचा शोध घेतला की दिसते ते असे: गॅरामॉन्ड हा एक टाइप नाहीच. त्या नावाखाली निदान दोन वेगवेगळ्या कारागिरांची अक्षरे, चार शतकांची उसनवारी आणि विसाव्या शतकातल्या डझनभर पुनर्रचना एकत्र नांदत आहेत. त्यातली कोणती हाताशी आली, ती कोणत्या आकारात आणि कशावर उमटली, यावर सगळे अवलंबून आहे.

आधी वळण पाहू. ज्याला छपाईच्या जगात ‘ओल्ड स्टाइल’ म्हणतात त्या सेरिफ टाइपांचा जन्म रुंद टोकाच्या टाकातून झाला. टाक तिरका धरला की काही फटके जाड, काही बारीक उमटतात. रोमन ‘ओ’ या अक्षरात हा तिरपेपणा लगेच दिसतो. त्याचा सर्वांत बारीक भाग माथ्यावर नसून किंचित डावीकडे असतो आणि त्याच्या समोरचा तळाशी उजवीकडे. त्यामुळे अक्षर मागे रेलल्यासारखे वाटते. जाड आणि बारीक यांतला फरक सौम्य असतो. उभ्या दांड्याच्या टोकाला असलेली सेरिफ, म्हणजे ती छोटी आडवी पायरी, दांड्यातून वळत बाहेर येते. वरून चिकटवल्यासारखी दिसत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिदो आणि बोदोनी यांनी हे सारे मोडले. त्यांची अक्षरे ताठ, जाड-बारीकचा फरक टोकाचा, सेरिफ केसासारखी. मासिकाच्या मुखपृष्ठावर बोदोनी देखणा दिसतो, पण त्यात तीनशे पानांची कादंबरी वाचायची म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

गॅरामॉन्डची स्वतःची काही खुणावणारी लक्षणे आहेत. छोट्या ‘ई’चा डोळा चिमुकला असतो, ‘ए’चे पोटही लहान. ज्या अक्षरांना वर शेंडी किंवा खाली शेपूट नाही त्यांची उंची, म्हणजे मुद्रकांची ‘एक्स-हाइट’, कमी असते आणि शेंड्या भरपूर उंच असतात. इतक्या की त्या कॅपिटल अक्षरांच्याही किंचित वर जातात. त्यामुळे ओळींमध्ये आपोआप हवा खेळते आणि पान उजळ दिसते. कॅपिटल अक्षरे मजकुरात टोचत नाहीत. ‘आर’चा पाय लांब पुढे पडतो, ‘क्यू’ची शेपटी शेजारच्या अक्षराखाली शिरते. आणि याच लक्षणांमुळे बारा पॉइंटचा गॅरामॉन्ड बारा पॉइंटच्या टाइम्सशेजारी ठेवला की दहा-अकरा पॉइंटचा वाटतो. वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांच्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

मराठी वाचकाला या तिरप्या बारीक-जाडपणाची ओळख वेगळ्या वाटेने आहे. देवनागरीचे वळणही तिरक्या कापलेल्या बोरूने घडवले. फरक इतकाच की बोरूची पारंपरिक कापणी रोमन टाकाच्या उलट दिशेने असते. त्यामुळे जिथे रोमन अक्षर जाड होते तिथे देवनागरी बारीक होते. दोन्ही लिपी एका ओळीत आल्या की हा विरोध जाणवतो. त्याकडे पुढे वळू.

वंशावळ व्हेनिसपासून सुरू होते. १४७०मध्ये निकोला जाँसाँने तिथे सुंदर रोमन अक्षरे घडवली, पण पुढच्या शतकांवर ठसा उमटला तो आल्डस मानुतियस या प्रकाशकाचा आणि त्याच्यासाठी पंच कोरणाऱ्या फ्रांचेस्को ग्रिफोचा. १४९६मध्ये आल्डसने पिएत्रो बेंबो या तरुण विद्वानाची ‘दे एत्ना’ ही छोटी पुस्तिका छापली, एत्ना ज्वालामुखीवर चढून गेल्याची हकिकत. पुस्तिकेपेक्षा तिची अक्षरे मोठी ठरली. १५३०च्या दशकात पॅरिसमधल्या रोबेर एत्येनसारख्या मुद्रकांनी याच नमुन्यावर नवी अक्षरे वापरायला सुरुवात केली आणि तोवर फ्रान्समध्ये चालणारा जाडजूड गॉथिक टाइप मागे पडत गेला.

क्लोद गारामाँ याच पिढीतला. स्वतःचा मोठा छापखाना चालवण्याऐवजी इतर मुद्रकांसाठी पंच कोरणे हाच ज्यांनी धंदा केला अशा पहिल्या काही कारागिरांत त्याची गणना होते. पोलादी सळीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यात ठोकून मातृका करायची, मातृकेत शिसे ओतून खिळे काढायचे. प्रत्येक आकारासाठी प्रत्येक अक्षर नव्याने कोरावे लागे. १५४०मध्ये त्याला पहिल्या फ्रान्सिस राजाकडून ग्रीक अक्षरांचे काम मिळाले. क्रीटहून आलेल्या आंजेलो व्हेर्जेचियो या लेखनिकाच्या हस्ताक्षरावरून त्याने ती कोरली. ‘राजाची ग्रीक अक्षरे’ म्हणून ती गाजली, आणि त्यांचे पंच फ्रान्सच्या राष्ट्रीय मुद्रणालयाने आजतागायत जपले आहेत. हयातीत त्याचे नाव झाले ते या ग्रीक अक्षरांमुळे. आज जगभर ज्या रोमन अक्षरांसाठी त्याचे नाव घेतले जाते, ती त्या काळी रोजच्या वापराची चीज होती.

१५६१मध्ये गारामाँ वारला आणि त्याचे साहित्य विकले गेले. अँटवर्पचा क्रिस्तोफ प्लाँतँ हा महत्त्वाकांक्षी मुद्रक त्यातले पंच आणि मातृका घेऊन गेला. त्याचा छापखाना आज प्लाँतँ-मोरेतुस संग्रहालय आहे, २००५पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत, आणि गारामाँच्या हातचे पोलाद तिथे पाहायला मिळते. काही मातृका फ्रँकफुर्टलाही पोचल्या. तिथल्या ओतशाळेत जाकोब साबों हा लियोंचा कारागीर होता. तो गेल्यावर त्याच्या विधवेने कोनराड बेर्नरशी लग्न केले, आणि याच बेर्नरने १५९२मध्ये आपल्याकडच्या टाइपांचा एक नमुना-तक्ता छापला. तक्त्यात रोमन अक्षरे गारामाँची आणि तिरकी, म्हणजे इटॅलिक, रोबेर ग्रांजोंची असे स्पष्ट लिहिले होते. नमुना-तक्ते गिऱ्हाइकांसाठी असतात आणि बहुधा केराच्या टोपलीत जातात. हा टिकला, म्हणून पुढच्या संशोधकांच्या हाती एक भक्कम पुरावा राहिला.

तो पुरावा हाताशी असूनही तीनशे वर्षांनी मोठा घोळ झालाच.

१९००च्या सुमारास फ्रान्सच्या राष्ट्रीय मुद्रणालयाने आपल्या तिजोरीतले जुने टाइप पुन्हा बाहेर काढले आणि गारामाँच्या नावाने ते वापरात आणले. ती अक्षरे नाजूक, चमकदार, जराशी उनाड होती. लोक भाळले. १९१७च्या सुमारास अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी मॉरिस फुलर बेंटन यांनी त्यांची पुनर्रचना केली. १९२२मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइपने आपली आवृत्ती काढली. धंदा जोरात चालला. मात्र अमेरिकन कंपनीच्या ग्रंथालयाचे प्रमुख हेन्री बुलन यांना शंका होती. ही अक्षरे सोळाव्या शतकातल्या एकाही पुस्तकात आपल्याला दिसलेली नाहीत, असे ते आपल्या तरुण सहायिकेला म्हणत.

ती सहायिका म्हणजे बिआत्रिस वॉर्ड. पुढे युरोपात आल्यावर तिने शंकेचा पाठपुरावा केला आणि पॅरिसच्या माझारीन ग्रंथालयात तिला हवा तो कागद सापडला. सेदाँ या गावच्या जाँ जानों या मुद्रकाने १६२१मध्ये छापलेला नमुना-तक्ता! राष्ट्रीय मुद्रणालयाची ‘गारामाँची’ अक्षरे त्यात जशीच्या तशी होती. म्हणजे ज्याच्यावर अर्धे जग भाळले होते तो टाइप गारामाँच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, दुसऱ्याच माणसाने, त्याच्या वळणाची नक्कल करत कोरलेला निघाला. जानोंचे टाइप १६४०च्या दशकात राजमुद्रणालयाकडे गेले होते आणि पुढे त्यावरचे कारागिराचे नाव पुसले गेले. बिआत्रिस वॉर्डने १९२६मध्ये ‘द फ्लेरन’ या मुद्रणविषयक नियतकालिकात हे सारे मांडले, पण ‘पॉल बोझाँ’ या पुरुषी टोपणनावाने. लेख वाचून मोनोटाइपने या विद्वान बोझाँसाहेबांना आपल्या मुखपत्राच्या संपादकपदासाठी बोलावले, आणि दारात उभी राहिली पंचविशीतली एक बाई. तिलाच ती जागा मिळाली. छपाईच्या इतिहासातली इतकी नाट्यमय उकल क्वचितच दुसरी सापडेल.

यातून व्यावहारिक निष्कर्ष निघतो तो असा. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस या संचाबरोबर लाखो संगणकांवर जो ‘गॅरामॉन्ड’ गेला, तो मोनोटाइपचा, म्हणजे जानोंच्या वंशातला. त्याच्या ‘एम’, ‘एन’ आणि ‘आर’ यांच्या डोक्यावरच्या सेरिफ अधिक टोकदार व खोलगट असतात, आणि इटॅलिकमधल्या कॅपिटल अक्षरांचा कल एकसारखा नसतो. काही जास्त झुकतात, काही कमी. मोठ्या आकारात यात गंमत आहे. पण कार्यालयीन प्रिंटरवर, बारीक आकारात, तो फिका पडतो. गॅरामॉन्डची बदनामी जिथे जिथे झाली तिथे बहुतेकदा हीच आवृत्ती आरोपीच्या पिंजऱ्यात होती.

अस्सल गारामाँच्या वंशातल्या पुनर्रचनाही कमी नाहीत. फ्रँकफुर्टच्या श्टेंपेल ओतशाळेने १९२५मध्ये बेर्नरच्या तक्त्यावरून आपली आवृत्ती केली. ती काहीशी कोरडी पण प्रामाणिक आहे. गंमत अशी की लायनोटाइपने १९२८मध्ये आणलेला ‘ग्रांजों’ हा टाइप नावाने दुसऱ्याचा, पण त्याची रोमन अक्षरे गारामाँच्याच वळणाची. इटलीत एइनाउदी या प्रकाशनसंस्थेने सिमोंचिनीच्या गॅरामॉन्डला इतके आपलेसे केले की इटालियन वाचकाला गंभीर साहित्याचे पान म्हटले की तेच वळण आठवावे.

यान चिखोल्ड यांचा ‘साबों’ मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवायला हवा. १९६०च्या दशकात जर्मन मुद्रकांना असा टाइप हवा होता, जो हाताने जुळवलेला असो, मोनोटाइप यंत्रावर असो की लायनोटाइपवर, पानावर हुबेहूब एकसारखाच दिसेल. लायनोटाइप यंत्राची एक अडचण होती: सरळ आणि तिरके अक्षर एकाच मातृकेवर असल्याने दोन्हींची रुंदी सारखी ठेवावी लागे, आणि एका अक्षराचा भाग शेजारच्यावर झुकू देता येत नसे. चिखोल्ड यांनी या जाचक अटी पाळूनही १९६७मध्ये जे दिले ते आजही पुस्तकांसाठीच्या सर्वोत्तम टाइपांत मोजले जाते. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे १९७९चे प्रार्थनापुस्तक त्यात आहे. त्याचे इटॅलिक जरा ऐसपैस वाटते, ते त्या यंत्राच्या अटीमुळे.

याच्या उलट टोकाला १९७५चा आयटीसी गॅरामॉन्ड. टोनी स्टॅन यांनी त्या काळच्या जाहिरातींच्या चवीनुसार एक्स-हाइट वाढवली, अक्षरे फुगवली, शेंड्या कापल्या. पुस्तकात तो सहन होत नाही. तरी ॲपल कंपनीने १९८४मध्ये तोच चेपून, अरुंद करून आपल्या जाहिरातींसाठी घेतला, आणि ‘थिंक डिफरंट’ ही दोन शब्दांची घोषणा त्याच वेशात जगभर फिरली. मथळ्यापुरता तो खरोखर छान दिसे, हे मान्य करावे लागते. गारामाँचे नाव त्यावर का असावे, हे मात्र सांगणे कठीण.

१९८९मध्ये अडोबीसाठी रॉबर्ट स्लिम्बाक यांनी अँटवर्पच्या संग्रहावरून जी आवृत्ती केली, ती संगणकयुगात पुस्तकांची हक्काची झाली. हॅरी पॉटरच्या अमेरिकी आवृत्त्या बारा पॉइंट अडोबी गॅरामॉन्डमध्ये आहेत, तेव्हा जगातल्या एका अख्ख्या पिढीने पहिली जाडजूड कादंबरी नकळत याच वळणात वाचली म्हणायला हरकत नाही. पण स्लिम्बाक यांचे समाधान झाले नव्हते. २००५मध्ये त्यांनी ‘गॅरामॉन्ड प्रीमियर’ आणला. त्यात तळटीप, मजकूर, उपशीर्षक आणि मथळा यांच्यासाठी वेगवेगळी रेखाटने आहेत.

याचे महत्त्व कळायला पुन्हा पोलादी पंचाकडे जावे लागते. गारामाँ लहान आकाराचे अक्षर कोरताना ते मुद्दाम किंचित रुंद, थोडे जाड आणि मोकळे ठेवी. मोठ्या आकारात रेषा बारीक करी. शिवाय ही अक्षरे ओलसर, हाताने केलेल्या कागदावर दाबून छापली जात. शाई जराशी पसरे आणि रेषेला भर येई. विसाव्या शतकात कॅमेरा आला, मग संगणक आला, आणि एकच रेखाटन लहान-मोठे करून सगळीकडे वापरण्याची सोय झाली. ऑफसेटवर आणि गुळगुळीत कागदावर शाई पसरत नाही. परिणामी अनेक डिजिटल गॅरामॉन्ड बारीक आकारात हडकुळे दिसतात. जुने पुस्तक आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून ‘तेव्हाची छपाईच दणकट’ असे जे वाटते, त्याचे अर्धे उत्तर या पुसून गेलेल्या आकारभेदात आहे. कमी काँट्रास्टच्या पडद्यावर ही अशक्तता आणखी वाढते. तिथे मॅथ्यू कार्टर यांनी पडद्यासाठीच रेखाटलेला ‘जॉर्जिया’ केव्हाही बरा. त्याची एक्स-हाइट भरघोस आहे आणि रेषा मुळातच धीट.

हडकुळेपणाचा फायदा घेण्याचीही कल्पना निघाली. २०१४मध्ये पिट्सबर्गच्या एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडला की अमेरिकेतल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी आपली कागदपत्रे गॅरामॉन्डमध्ये छापली, तर शाईत वर्षाला चाळीस कोटी डॉलरच्या आसपास बचत होईल. बातमी जगभर झाली, भारतीय वृत्तपत्रांतही. टाइपतज्ज्ञांनी लगेच मेख दाखवली: गॅरामॉन्ड कमी शाई पितो, कारण त्याच पॉइंटात तो मुळी लहान असतो. टाइम्सच लहान आकारात छापला तरी तेवढीच बचत होईल, आणि गॅरामॉन्ड टाइम्सएवढा वाचनीय करायचा तर आकार वाढवावा लागेल. मग बचत उरणार नाही. मुलाचा हिशेब चुकला नव्हता. पॉइंट म्हणजे खिळ्याच्या ठोकळ्याची उंची, त्यावरच्या अक्षराची नव्हे, ही मुद्रकांची जुनी खुबी त्याच्या समीकरणात नव्हती.

रोमन अक्षरांच्या या घराण्याचा आणि मराठीचा संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. गारामाँ पॅरिसमध्ये पंच कोरत होता तेव्हाच, १५५६मध्ये, गोव्यात छापखाना उतरला. खरे तर तो अबिसीनियाला जायचा होता. १५६३मध्ये तिथे गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. आणि १६१६मध्ये रायतूरच्या छापखान्यातून फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ निघाले: ओवीबद्ध मराठी काव्य, पण अक्षरे रोमन. देवनागरी खिळे पाडायचे तर जोडाक्षरांसह शेकडो मातृका लागणार, हे गणित तेव्हा जुळले नाही. मराठी काव्याला छपाईचा हा लवकरचा वेश मिळाला तो असा परक्या लिपीचा.

आज प्रश्न उलटा आहे. मराठी पुस्तकात इंग्रजी नावे, रसायनशास्त्रातली सूत्रे, ग्रंथसूची येतात. आणि डीटीपी करणारा बहुतेकदा जे आपोआप येते तेच, म्हणजे टाइम्स, ठेवून मोकळा होतो. गॅरामॉन्ड तिथे चांगला बसू शकतो. त्याची सौम्य जाडी-बारकाई बोरूच्या वळणाशी बोदोनीपेक्षा कितीतरी जास्त जमते, रेषांची दिशा उलट असली तरी. पण आकाराचे भान हवे. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेला लटकतात आणि त्यांचा मुख्य ऐवज रोमनच्या एक्स-हाइटपेक्षा उंच असतो. त्याच पॉइंटात ठेवलेला गॅरामॉन्ड मराठी ओळीत खुरटलेला दिसतो. तो पॉइंट-दीड पॉइंटाने वाढवावा लागतो, मग शेंड्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडू लागतात, म्हणून ओळींमधले अंतर वाढवायचे. वेलांट्या, रफार, उकार यांच्यासाठी मराठी मजकुराला तसेही जास्त अंतर लागतेच, तेव्हा हा सौदा तोट्याचा नाही. संशोधनपर लेखनात संस्कृत शब्दांच्या रोमन लिप्यंतरासाठी अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबे लागतात. जुन्या डिजिटल आवृत्त्यांत ती नसत, आणि मग ‘ण’ आणि ‘ट’साठीची टिंबे भलत्याच फाँटातून येऊन पान ठिगळ लावल्यासारखे दिसे. देवनागरीच्या बाजूने टिरो टाइपवर्क्सचा ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत टाइप शिसेछपाईच्या वळणाला जवळचा आहे, आणि त्यात ‘ल’ व ‘श’ मराठी पद्धतीचे आहेत.

आकड्यांकडेही पाहायला हवे. गॅरामॉन्डचे पारंपरिक आकडे सगळे एका उंचीचे नसतात. काही ओळीखाली उतरतात, काही वर जातात. वाहत्या मजकुरात सनावळ्या यामुळे अक्षरांत मिसळून जातात. ताळेबंदात किंवा वेळापत्रकात मात्र तेच आकडे नाचू लागतात. तिथे समान उंचीचे आणि समान रुंदीचे आकडे निवडावे लागतात, आणि ती सोय चांगल्या आवृत्त्यांत असते.

पैसे न मोजता अस्सल वंशातला गॅरामॉन्ड हवा असेल तर ऑस्ट्रियाच्या गेओर्ग डुफनर यांनी सुरू केलेला ‘ईबी गॅरामॉन्ड’ आहे. त्यातली ‘ईबी’ ही अक्षरे एगेनोल्फ-बेर्नरची, म्हणजे त्या १५९२च्या तक्त्याच्या ओतशाळेची. डुफनर यांनी आठ आणि बारा पॉइंटच्या नमुन्यांवरून दोन वेगळी रेखाटने केली होती. गूगलवर मिळणारी आवृत्ती मात्र बारा पॉइंटच्या रेखाटनावरची आहे. त्यामुळे अकरा-बारा पॉइंटचा मजकूर तिच्यात उत्तम दिसतो. आठ पॉइंटच्या तळटिपा फिक्या पडतात, आणि तिथे एक पायरी जाड वजन निवडून, अक्षरांतले अंतर किंचित वाढवून, छापण्याआधी त्याच कागदावर एक प्रत काढून पाहावी लागते.